कार्ट्रिज सोडून जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर घ्यायचाय, मान सुधारेल का?

खुंटेश्वर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस घोळतंय डोक्यात म्हणून शेवटी विचारतोच. सध्या पाच पात्यांचा कार्ट्रिजवाला रेझर वापरतो. गालांची काही तक्रार नाही, पण मानेवर, खास करून कॉलर घासते त्या पट्ट्यात, दाढी केली की दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या हजर, आणि काही केस तर बाहेर यायचे सोडून आतल्या आतच वळतात, मग ते उकरत बसायचं (उकरू नये हे माहितीये, सांगू नका). क्रीम बदललं, जेल बदललं, आफ्टरशेव्ह बंद करून पाहिलं, ढिम्म फरक नाही.

आता जो तो सांगतोय की एका ब्लेडचा तो जुना स्क्रूवाला रेझर घे, प्रश्न मिटेल. घ्यायला तयार आहे पण शोधायला गेलं की डोकं गरगरतं, थ्री पीस, बटरफ्लाय, ओपन कोम्ब, क्लोज्ड कोम्ब, अ‍ॅडजस्टेबल, माइल्ड, अ‍ॅग्रेसिव्ह, आणि यातलं मला काय लागणार ते कोणी सरळ सांगत नाही, सगळे नुसते फोटो टाकतात. तर जाणकारांना विचारायचंय की पुळ्यांना खरंच फरक पडतो का ही नुसती हौस आहे? आणि माझ्या मानेवर डाव्या बाजूला केसांचा चक्क भोवरा आहे, तिथे असला उघडा रेझर कसा चालवायचा? सकाळी घाई असते. गळा बिळा चिरला तर काय घ्या.


ब्रशवाले_काका:

फरक पडतो, पण का पडतो ते आधी समजून घ्या, नाहीतर रेझर बदलून परत याच पुळ्या घेऊन याल.

जास्त पात्यांच्या रेझरमागची कल्पना अशी की पहिलं पातं केसाला धरून जरा बाहेर ओढतं आणि तो परत आत सरकायच्या आत मागचं पातं त्याला कापतं, म्हणजे कापलेलं टोक कातडीच्या पातळीच्या खाली जातं. गालावर केस बऱ्यापैकी सरळ असतात म्हणून तिथे हे झकास चालतं, गुळगुळीत लागतं ते त्यामुळेच. मानेवरचा केस तिरपा उगवतो, वळतो, त्याचं टोक खाली गेलं की वर येताना ते बाजूच्या कातडीत घुसतं आणि शरीराला वाटतं काहीतरी बाहेरचं टोचलं, झाली पुळी. शिवाय एका फटक्यात पाच पाती म्हणजे त्याच जागेवरून पाच वेळा धार गेली, तुम्ही तिथे तीनदा फिरवलंत की पंधरा वेळा. एका ब्लेडने केस कातडीच्या लेव्हलला कापला जातो, खाली ओढला जात नाही, आणि मोजून दोन-तीनदाच धार फिरते. एवढाच खेळ आहे.

आता यात अट आहे, आणि ती अट पाळली नाही तर सेफ्टी रेझर कार्ट्रिजपेक्षा जास्त सोलून काढेल. दाबायचं नाही. अजिबात नाही. कार्ट्रिजचं डोकं हलतं, ते गालाच्या वळणाप्रमाणे स्वतः फिरतं आणि तुमचा दाब पचवतं, त्यामुळे इतकी वर्षं तुमच्या हाताला दाबायची सवय लागलेली असणार. सेफ्टी रेझरचं डोकं घट्ट असतं, अँगल तुम्ही सांभाळायचा आणि वजन रेझरचं स्वतःचं पुरेसं असतं. हँडल मुठीत धरू नका, टोकाकडे नुसत्या बोटांनी धरा, मनात आणलं तरी दाबता येणार नाही.

अँगलबद्दल लोक ३० अंश ३० अंश करत असतात, आरशासमोर कोण कोनमापक घेऊन उभं राहणार. त्यापेक्षा असं करा, हँडल गालाला काटकोनात धरून रेझरची वरची टोपी गालाला टेकवा, या स्थितीत ब्लेड लागत नाही. आता गालावरून खाली सरकवत सरकवत हँडल हळूहळू खाली झुकवा. एका जागी केस कापल्याची खरखर ऐकू यायला लागेल, तो तुमचा अँगल. त्याच्याही खाली हँडल नेलंत तर ब्लेड खरवडायला लागतं. पंखा बंद ठेवा, नळ बंद ठेवा, आवाज ऐका, कारण या रेझरमध्ये डोळ्यांपेक्षा कानांचं काम जास्त आहे.

फटका छोटा, एक-दीड इंच. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. डोक्याला दोन बाजू असतात, एक भरली की उलटा करा, मग दोन्ही एकदम धुवा.

भोवऱ्याचं सांगतो. दाढी एक-दोन दिवस वाढू द्या आणि बोटांच्या टोकांनी मान चाचपा, ज्या दिशेने बोट सहज सरकतं ती केसांची दिशा, जिथे अडतं ती उलटी. बहुतेकांना मानेवरचे केस खालून वर किंवा आडवे उगवतात हे माहितीच नसतं आणि ते बिनधास्त वरून खाली ओढत असतात, म्हणजे नकळत उलटी दाढी चाललेली असते. पाहिजे तर कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. पहिला हात, म्हणजे रेझरची पहिली फेरी, केसांच्या दिशेने. परत फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात गालावर मारायचा तर मारा, मानेवर मारूच नका, निदान पुळ्या पूर्ण बसेपर्यंत तरी नाही. दिवसभरात कोणी तुमची मान कुरवाळून बघणार नाहीये.

कंठाच्या घाटीवर सगळ्यांची फाटते. तिथे कातडी बाजूला ओढायची, डावीकडे ओढून घाटीवरची कातडी सपाट भागावर आणायची आणि तिथे कापायची, मग उजवीकडे. उंचवट्यावर थेट ब्लेड न्यायचंच नाही.


लोखंडी:

काकांनी हाताचं सांगितलं, मी सामानाचं सांगतो कारण धागाकर्त्याचा अर्धा गोंधळ तिथे आहे.

थ्री पीस म्हणजे टोपी, खालची पट्टी आणि हँडल असे तीन सुटे भाग, बिघडायला काहीच नाही, धुवायला सोपा. बटरफ्लाय म्हणजे हँडलच्या तळाची कळ फिरवली की वरची दारं उघडतात, ब्लेड टाकायला सोयीचा पण त्या बिजागरीत साबण अडकतो आणि ब्लेड कधी कधी वाकडं बसतं. पहिला घेताय तर थ्री पीस किंवा टू पीस (खालची पट्टी हँडललाच जोडलेली), क्लोज्ड कोम्ब, माइल्ड. क्लोज्ड कोम्ब म्हणजे ब्लेडच्या खाली सलग पट्टी असते, ती कातडी ताणते आणि सपाट ठेवते. ओपन कोम्बला तिथे दाते असतात, आठवडाभराची वाढलेली दाढी असेल तर ते बरं पडतं कारण केस आणि फेस दात्यांतून निघून जातो. तुम्हाला नको.

माइल्ड आणि अ‍ॅग्रेसिव्ह हे ठरतं ब्लेड किती बाहेर डोकावतं आणि ब्लेड व पट्टी यात फट किती यावर. म्यूलेचा आर८९ माइल्ड समजतात आणि त्याच कंपनीचा आर४१ भल्याभल्यांना रडवतो, हँडल मात्र सारखंच, त्यामुळे फोटो बघून काही कळत नाही. मेर्कुर ३४सी हा पण पहिला रेझर म्हणून लोक बरेच सुचवतात, जाड आखूड हँडल, टू पीस. अ‍ॅडजस्टेबल, म्हणजे ही फट कमी-जास्त करता येणारा, नंतर बघा.

धातूचं बघून घ्या. बरेचसे रेझर झमाकचे असतात, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू आणि वर क्रोमचा मुलामा. चांगले चालतात, पण फरशीवर पडला तर डोक्याचा स्क्रू तुटू शकतो आणि मुलामा उडाला की आतून सडायला लागतो. पितळ किंवा स्टेनलेस स्टील असेल तर नातवंडांपर्यंत जाईल. थ्री पीस कसताना पान्याने आवळल्यासारखा आवळू नका, बोटांनी पुरे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक रेझरवर भांडतात, फरक पाडतं ब्लेड. दुधारी ब्लेडचा आकार ठरलेला असल्यामुळे कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं, कार्ट्रिजसारखं एका कंपनीला बांधून राहायला लागत नाही. मग याचा फायदा घ्या की. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची छोटी पाकिटं घ्या, रेझर आणि साबण तोच ठेवून फक्त ब्लेड बदलत जा. जपानचं फेदर धारेला प्रसिद्ध आहे, हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. डर्बी, अ‍ॅस्ट्रा, विल्किन्सन वगैरेंनी सुरू करा. एकाला लोण्यासारखं लागलेलं ब्लेड दुसऱ्याचे केस उपटतं, त्यामुळे "बेस्ट ब्लेड कुठलं" या प्रश्नाला उत्तर नाही, कोणी छातीठोक देत असेल तर तो स्वतःच्या गालाबद्दल बोलतोय.

थोडं अवांतर. किंग कँप जिलेटने या रेझरची कंपनी १९०१ साली काढली, १९०३ मध्ये विक्री सुरू केली तर पहिल्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड, पेटंट मिळालं १९०४ ला. इतक्या पातळ पत्र्याला धार लावून तो कडक कसा करायचा हे कोणालाच जमत नव्हतं, ते जमवलं विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने, नाव मात्र लागलं जिलेटचं. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने शिपायांना ३५ लाख रेझर वाटले आणि घरी परतताना ती माणसं स्वतः दाढी करायची सवय घेऊन गेली. दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं १९७१ ला, तीन पात्यांचं १९९८ ला, पाचचं २००६ ला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.


उलटा_प्रवाह:

सगळे एका सुरात गातायत म्हणून जरा वेगळं बोलतो. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि मी दोन्ही वापरतो.

धागाकर्त्याने लिहिलंय सकाळी घाई असते. घाई आणि सेफ्टी रेझर यांचं जमत नाही, स्पष्ट सांगतो. फेस, पहिला हात, परत फेस, दुसरा हात, धुणं पुसणं, हे नीट करायला कार्ट्रिजच्या दुप्पट वेळ धरा, हात बसल्यावर कमी होतो पण कार्ट्रिजइतका कधीच होत नाही. सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा किंवा रात्री झोपायच्या आधी करा, मानेला रात्रभर कॉलर लागत नाही हा वरचा फायदा.

दुसरं, काही जणांनी यात पडूच नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हात थरथरत असतील, चेहऱ्यावर पिकलेल्या पुळ्या असतील किंवा जखमेचा व्रण जाड होऊन फुगण्याची प्रकृती असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि आत वळणाऱ्या केसांवर सर्वात खात्रीचा उपाय अजून कोणी लिहिलाच नाही, तो म्हणजे इतकं जवळून न कापणं. ट्रिमर फिरवून बारीक खुंट ठेवले तर केसाचं टोक कातडीच्या बाहेरच राहतं, आत वळणार कुठून. ऑफिसात चालत असेल तर महिनाभर ट्रिमर वापरा, मान पूर्ण बरी होऊ द्या आणि मग नवीन रेझर सुरू करा. आत्ता सुजलेल्या मानेवर नवीन ब्लेड लावलंत तर दोष रेझरला देऊन मोकळे व्हाल.

बाकी काका म्हणतात ते दाबायचं नाही वगैरे खरंच आहे. पण मग एक प्रयोग फुकटात करून बघा ना, आहे तोच कार्ट्रिज न दाबता, केसांच्या दिशेने, एकाच फेरीत फिरवा. काही लोकांचा प्रॉब्लेम तिथेच सुटतो.


ब्रशवाले_काका:

@उलटा_प्रवाह, ट्रिमरच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, ते माझ्याकडून राहिलं. कार्ट्रिजच्या प्रयोगाला पण हरकत नाही, फक्त बोथट कार्ट्रिज न दाबता कापत नाही, नवीन लावून करा.


मांजरपाट:

मी पायांसाठी वापरते. बायकांनी यात लिहायला काय हरकत आहे, जिलेटने बायकांसाठी रेझर १९१५ सालीच काढला होता. चेहऱ्यापेक्षा पाय सोपे, मोठं सपाट मैदान, फक्त घोटा आणि गुडघ्याच्या मागे जपून. गुडघा थोडा वाकवून कातडी ताणली की खड्डे जातात. लांब हँडलचा घ्यावा, ओल्या हातातून आखूड हँडल सटकतं. साबणाच्या हाताने तर नक्कीच, त्यामुळे पकडीला खाचा असलेलं हँडल बघा, नुसतं चकचकीत नको. आणि घरात लहान मुलं असतील तर रेझर बाथरूमच्या कट्ट्यावर उभा करून ठेवायची फॅशन विसरा. हे शेल्फवर सजवून ठेवायचं काम फोटोत बरं दिसतं.


खुंटेश्वर:

बापरे, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. उलटा_प्रवाह यांचं पटलं, आधी ट्रिमरवर मान बरी करतो आणि तोवर बाण मारलेला नकाशा तयार करतो. क्लोज्ड कोम्ब, माइल्ड, थ्री पीस नक्की केलं.

अजून थोडं विचारतो. डब्यातला फोम चालेल का ब्रश घ्यावाच लागेल? ब्लेड किती दिवस चालतं, आणि ते पुसून, तेलात बुडवून ठेवलं तर जास्त चालतं असं एकाने सांगितलंय ते खरं का? आणि कापलं तर काय लावायचं?


ब्रशवाले_काका:

फोम चालतो, पण त्यात हवा जास्त आणि ओलावा कमी. न दाबता कापायचं तर केस मऊ व्हायला हवा, आणि केस मऊ होतो पाण्याने, साबण फक्त ते पाणी तिथे धरून ठेवतो. म्हणून अंघोळीनंतर दाढी करा किंवा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने चेहरा भिजवा, हे सोडून बाकी सगळं एक वेळ कमी चालेल. ब्रश घ्या, सिंथेटिक घ्या, तो लवकर वाळतो, भिजवत ठेवावा लागत नाही. फेस दह्यासारखा दाट आणि ओलसर व्हायला हवा, फुगे दिसत असतील तर अजून घोटा, कोरडा पडत असेल तर पाण्याचे दोन थेंब टाका. पाणी जड असेल तर साबणाचा फेस धरत नाही, मग क्रीम बरं किंवा पिण्याचं पाणी फेसापुरतं घ्या.

कापलं तर गार पाणी आणि तुरटी. मी तर कापलं नाही तरी शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवतो, जिथे चरचरतं तिथे आज हात जड पडला होता हे लगेच कळतं. थोडा वेळ ठेवून धुवून टाकायचं, नाहीतर कातडी कोरडी पडते. कातडी चिरून रक्त थांबतच नसेल तर स्टिप्टिक पेन्सिल मिळते ती ठेवा जवळ, झोंबते भयंकर पण थांबवते. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह मानेवर नको, साधा बिनवासाचा बाम लावा.


लोखंडी:

ब्लेडचं मी घेतो. साधारण तीन ते सात दाढ्या, केस राठ असतील तर तीनच. मोजत बसू नका, ओढल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी बदला, अर्ध्या दाढीत सुद्धा. चिरणारी ब्लेडं बहुतेक वेळा बोथट असतात, कारण बोथट झालं की माणूस नकळत दाबतो.

तेलाची गोष्ट जुन्या कार्बन स्टीलच्या ब्लेडांची आहे, ती खरंच गंजायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात जोरात आणली आणि तिथून चित्र बदललं, आता बहुतेक ब्लेड स्टेनलेसच असतात, वर क्रोमियम, प्लॅटिनम, टेफ्लॉनसारखे थर. मग बोथट का होतं? २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केस कापून बघितले आणि 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. केस स्टीलपेक्षा जवळपास ५० पट मऊ, तरी तो धारेचा बारीक टवका उडवतो. केस वाकून ब्लेडला तिरपा भिडला आणि नेमका स्टीलच्या रचनेत जिथे कच्चा भाग आहे तिथे भिडला की टवका उडतो. म्हणजे झीज कापताना होते, रात्रभर स्टँडवर उभं राहून नाही, त्यामुळे तेलाने तो टवका परत चिकटणार नाही. पाणी झटका आणि ठेवून द्या. टॉवेलने ब्लेड पुसू मात्र नका, धारेवरचा थर जातो आणि टॉवेल फाटतो तो वेगळा.

ब्लेड घालताना आखूड कडांनी धरा, धारेच्या बाजूंना बोट नको. कसल्यावर दोन्ही बाजूंनी सारखं दिसतंय का बघा, एकीकडे जास्त आलं असेल तर सैल करून परत बसवा.


खुंटेश्वर:

वापरलेली ब्लेडं टाकायची कशी? नुसती कचऱ्यात टाकायला नको वाटतं, कचरा उचलणाऱ्याचा हात कापायचा. आणि नाकाखाली हे एवढं मोठं डोकं कसं घुसवायचं?


मांजरपाट:

पत्र्याचा बंद डबा घ्या, झाकणाला चाकूने पातळ फट पाडा, ब्लेड त्यातून आत टाकत जा, बरीच वर्षं भरत नाही. भरला की फट चिकटपट्टीने बंद करून भंगारवाल्याला सांगून द्या. अमेरिकेत जुन्या घरांच्या बाथरूममधल्या कपाटाला ब्लेड टाकायची फट असायची आणि ब्लेड थेट भिंतीच्या पोकळीत पडायचं, आता घर दुरुस्त करणाऱ्यांना भिंत फोडली की ढिगाने ब्लेड सापडतात. तेवढं करू नका.

विमानाने जाताना सुटी ब्लेडं केबिनच्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका.


उलटा_प्रवाह:

नाकाखाली दोन गोष्टी करा. नाकाचा शेंडा बोटाने वर उचला आणि वरचा ओठ दातांवर ताणून धरा. मधली पन्हळ सरळ वरून खाली, दोन्ही बाजू मधून कडेला आडव्या. डोकं जाड असेल तर टोपी नाकाला टेकवून सुरुवात करा, नेमकं नाकाला चिकटून असलेले चार केस राहतील, ते पुढच्या वेळी बघा. ओठाच्या कडेला गाल आतून जिभेने फुगवा. मिशी ठेवलीत तर हा सगळा उपद्व्याप वाचेल.